दारापुढचा बर्फ



युरोपातला हिवाळा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते हे मला चांगले ठाऊक आहे, कारण तिकडे जाण्यापूर्वी माझ्याही डोळ्यांपुढे तेच येत असे. पांढरेशुभ्र डोंगर, लोकरीचे कोट आणि बर्फाचे गोळे करून एकमेकांना मारणारी हसरी माणसे. पण सिनेमातला बर्फ गाण्यापुरता असतो. गाणे संपले की तोही संपतो. मी आज ज्या बर्फाविषयी बोलणार आहे तो असा गुणी नव्हता. कधी नोव्हेंबरात यायचा, कधी नाताळ उलटून. मध्येच वितळायचा, पुन्हा यायचा, आणि मार्चमध्ये 'आता गेला बरे' म्हणून आपण कोट पेटीत घालावेत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर! या बर्फाच्या संगतीत मी पाच हिवाळे काढले.

मी मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली. गावच्या प्राथमिक शाळेत बरीच वर्षे मुलांना शिकवले. २०१४ साली माझ्या यजमानांना जर्मनीत एका कारखान्यात काम मिळाले, तेव्हा नोकरी सोडून मी त्यांच्याबरोबर गेले. गाव होते फिलिंगेन. जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात श्वार्त्सवाल्ड नावाचा डोंगराळ मुलूख आहे. या शब्दाचा अर्थ काळे अरण्य. सुईसारख्या पानांची उंच झाडे इतकी दाट की खाली दिवसाही अंधारी असते, म्हणून हे नाव. त्या अरण्याच्या पूर्वेच्या अंगाला, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर हे जुने, तटबंदीचे गाव आहे.

आता तुम्ही म्हणाल, कोकणातल्या बाईला बर्फाचे काय कळणार? मलाही तसेच वाटले होते. पण पहिल्याच वर्षी ऑगस्टमध्ये एक गोष्ट नजरेला आली, आणि मी मनात म्हटले, अग बाई, ही तर आपली आगोट!

कोकणातल्या श्रोत्यांना आगोट म्हणजे काय ते सांगायला नको. देशावरच्या मंडळींसाठी सांगते. मृगाचा पाऊस कोसळायच्या आत आमच्याकडे घराची कौले चाळायची, पडवीला झडी बांधायच्या, लाकूडफाटा आणि गोवऱ्या कोरड्या जागी रचायच्या, कुळीथ, मिरच्या, सुके मासे डब्यांत भरायचे. चार महिने घराबाहेर पडता आले नाही तरी चूल पेटली पाहिजे, अशी बेगमी करायची. तिकडे हेच सारे हिवाळ्यासाठी चालते. घराघराच्या भिंतीलगत, वळचणीखाली, लाकडाच्या फोडी अशा नेटक्या रचलेल्या की एखाद्या गवंड्याने ओळंबा लावून भिंत बांधली असावी. मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींना विचारले, "एवढे लाकूड एका हिवाळ्यात जळते?" त्या म्हणाल्या, "हे यंदाचे नव्हे. हे पुढच्या वर्षीचे. फोडलेले लाकूड दोन वर्षे वारा खाईल तेव्हा नीट पेटेल. ओले लाकूड नुसते धुमसते आणि धुराडे खराब करते."

म्हणजे त्या डोंगरातला हिवाळा आधीच्या दोन उन्हाळ्यांत सुरू झालेला असतो. मोटारवाल्यांचेही तसेच. थंडीत रबर कडक होते आणि चाक घसरते, म्हणून हिवाळ्याचे टायर निराळे. मऊ रबराचे, जास्त खाचांचे. ऑक्टोबरात ते चढवायचे आणि ईस्टरच्या सणानंतर उतरवायचे, असा लोकांचा ठोकताळा. रस्त्यावर बर्फ असताना साध्या टायरवर गाडी चालवली तर दंड होतो.

शेतकरी बंधूंना तिथली जुनी शेतघरे पाहून नवल वाटेल. गुटाख नावाच्या खोऱ्यात अशा घरांचे एक उघड्यावरचे संग्रहालय आहे. त्याची सुरुवात १९६४ साली झाली, आणि त्यातले मुख्य घर १६१२ साली बांधलेले आहे. हिवाळ्यात ते बंद असते, म्हणून आम्ही मे महिन्यात गेलो. पण ते घर पाहताना आठवत राहतो तो हिवाळाच. एकच प्रचंड छप्पर, दोन्ही बाजूंना जवळजवळ जमिनीपर्यंत उतरलेले. त्याखाली माणसेही आणि गुरेही. वर सगळा माळा वाळल्या गवताने भरलेला. घर डोंगराच्या उतारावर असल्यामुळे मागच्या बाजूने गवताची गाडी थेट माळ्यावर चढवता येई. खालून भारे वर फेकायची यातायात नाही. बाहेर कंबरभर बर्फ असला तरी शेतकऱ्याने घरातल्या घरात गोठ्यात जावे, वरून गवत खाली लोटावे, धारा काढाव्यात. गुरांची ऊब माणसांना, आणि माळ्यावरच्या गवताची गोधडी दोघांनाही. स्वयंपाकघराला धुराडे नसे. धूर छताखाली कोंडायचा, त्यात मांस टांगून टिकवायचे, आणि त्याच धुराने वरची लाकडे किडीपासून वाचायची. आपल्याकडेही चुलीवरच्या धुराने माळ्याचे वासे काळे आणि टणक होतात, ते आठवा.

आणखी एक सांगण्यासारखी बाब. या मुलखात जमिनीचे तुकडे पाडीत नसत. सारे शेत एकाच मुलाकडे जाई, आणि तोही पुष्कळदा थोरला नसून धाकटा! मग बाकीच्या भावंडांनी काय करायचे? बर्फात शेताचे काम बंद. हाताशी लाकूड भरपूर आणि रात्री लांबलचक. त्यांनी लाकडी घड्याळे करायला घेतली. सतराव्या शतकापासून हा धंदा तिथे रुजला. घड्याळे पाठीवरच्या लाकडी चौकटीला बांधून फेरीवाले देशोदेशी पायी हिंडत. तासातासाला दार उघडून पाखरू कुक्‌कू करते ते घड्याळ याच डोंगरातले. १८५० साली फुर्टवांगेन गावी घड्याळाचे शिक्षण देणारी शाळा निघाली. तिचे पहिले प्रमुख रोबेर्ट गेर्विग यांनी त्याच वर्षी घड्याळांना नवे रूप देण्यासाठी नमुने मागवले. एका वास्तुशिल्पज्ञाने रेल्वेच्या चौकीदाराच्या घरासारखा आकार सुचवला. आज दुकानांत जे उतरत्या छपराचे कुक्‌कू घड्याळ दिसते त्याचे मूळ त्या नमुन्यात आहे. फुर्टवांगेनला घड्याळांचे मोठे संग्रहालय आहे. एका फेब्रुवारीत आम्ही बसने तिथे गेलो, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना यंत्राने लोटलेल्या बर्फाच्या भिंती, आणि रस्त्याची कड कळावी म्हणून रोवलेल्या उंच काठ्या. त्या काठ्यांच्या भरवशावर चालक निवांत गाडी हाकत होता. मी मात्र सारा वेळ पुढच्या सीटची दांडी धरून बसले होते.

घरातल्या गोष्टींतही मला पुन्हा पहिलीपासून शिकावे लागले. पहिल्या थंडीत मी काय केले, तर सगळ्या खिडक्या गच्च लावून घेतल्या. आत भात शिजतोय, कपडे वाळताहेत, आंघोळीची वाफ फिरतेय, आणि मी म्हणते, वा, कसे उबदार घर! महिन्याभरात कोपऱ्यातली भिंत काळवंडली. बुरशी! आजी वर आल्या, भिंतीकडे पाहिले, काही न बोलता दोन समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडल्या आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. बाहेर उणे आठ. मी कुडकुडतेय. पाच मिनिटांनी त्यांनी खिडक्या लावल्या आणि म्हणाल्या, "असे दिवसातून तीनदा. ओली हवा जाते, भिंतींची ऊब राहते." शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रयोग वर्गात समजावून सांगण्याजोगा आहे. उबदार हवेत पाण्याची वाफ जास्त मावते. ती हवा गार भिंतीला टेकली की पाणी सुटते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तेच हे.

थंडीपेक्षा अंधार मला अधिक जड गेला. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो. तोही ढगांतून दिसला तर. शाळा मात्र पावणेआठच्या आतबाहेर भरते. चिमुरडी मुले काळोखात एकटीदुकटी चालत जातात. दप्तराला आणि टोपीला चकाकणाऱ्या पट्ट्या असतात. मोटारीचा दिवा पडला की लखलखतात. कोणाची आई सोडायला आलेली क्वचितच दिसे. पहिल्या वर्षी मी खिडकीतून ही मुले मोजीत बसे. माझा वर्ग सुटला होता ना! एक लाल टोपीवाला मुलगा रोज आमच्या फाटकापाशी थांबून बर्फात चपला-बुटांचे ठसे पाहायचा आणि आपला बूट त्यात बसवून बघायचा. त्या अंधाऱ्या महिन्यांत तोच माझा सूर्य होता म्हणा ना.

आता मूळ गोष्टीकडे येते.

तिकडे एक नियम आहे. तुमच्या घरापुढची पायवाट सार्वजनिक असली तरी तिच्यावरचा बर्फ तुम्ही काढायचा. हे काम घरमालकाचे, आणि भाडेकरारात लिहिले असेल तर भाडेकरूचे. नगरपालिका वेळ ठरवून देते. आमच्याकडे साध्या दिवशी सकाळी सातच्या आत वाट मोकळी हवी होती. पुन्हा पडला तर पुन्हा काढायचा. मीठ टाकायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते, कारण मीठ मुरून झाडांची मुळे आणि जमीन नासते. त्याऐवजी वाळू किंवा बारीक कच पसरायची, म्हणजे पाय घसरत नाही. आमच्या घरात तीन कुटुंबे होती. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक लाकडी पाटी लटके. आठवडा संपला की पाटी पुढच्या दारावर. जिन्याखाली रुंद फावडे, झाडू आणि कचेची बादली ठेवलेली.

चौथ्या हिवाळ्यातली, जानेवारी २०१८ मधली गोष्ट. पाटी आमच्या दारावर होती. रविवारी आम्ही दोघे कोन्स्टान्झला गेलो. श्वार्त्सवाल्डची रेल्वे ऑफेनबुर्गपासून डोंगर चढून फिलिंगेनवरून त्या बोडेन सरोवराकडे उतरते. मघाशी ज्यांचे नाव घेतले त्या गेर्विगनीच ती आखली, आणि १८७३ साली ती पुरी झाली. हॉर्नबेर्ग ते सांक्ट गेऑर्गेन या चढावर दात्यांची चाके नाहीत की मागेपुढे हलवाहलव नाही; डोंगराच्या पोटातून बोगद्यामागून बोगदे काढीत लोहमार्गाला असे वळसे दिले आहेत की खाली सोडलेले गाव पुन्हा पुन्हा खिडकीत येते, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. आम्ही त्या दिवशी उलट बाजूला, सपाटीकडे गेलो. सरोवरावर धुके होते. पलीकडचे आल्प्स काही दिसले नाहीत. घाटावर भाजलेले चेस्टनट खाल्ले, बोटे भाजून घेतली, खूप हसलो. परतीची गाडी उशिरा सुटली आणि घरी यायला मध्यरात्र उलटली. आकाश भुरकट होते, थोडा भुरभुर बर्फ पडत होता. यजमान म्हणाले, "सकाळी बघू." मीही म्हटले, बघू.

पहाटे बर्फ थांबला आणि पाऊस लागला. ऐकायला बरे वाटते, पण तिकडच्या माणसांना याच पावसाची सर्वांत जास्त धास्ती. वर हवा थोडी उबदार असते म्हणून पाणी पडते, आणि खाली जमीन गोठणबिंदूच्या खाली असते म्हणून ते टेकल्याक्षणी गोठते. वाटेवर काचेचा थर चढतो. तो दिसतही नाही. वाट नुसती ओली वाटते. असल्या सकाळी स्थानिक रेडिओवर रस्त्यांच्या सूचना सारख्या चालू असतात. आमचा रेडिओ बंद होता. आम्ही झोपलो होतो.

साडेसातला खाली काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. मग एक लहान मुलाची हाक. मी तशीच जिना उतरले. फाटकाबाहेर आजी एका कुशीवर पडल्या होत्या, पावाची पिशवी बाजूला, आणि तो लाल टोपीवाला मुलगा त्यांच्याजवळ गुडघे टेकून त्यांचा हात धरून होता. माझाही पाय सटकला. फाटक धरले म्हणून वाचले. आजी दोन्ही ओठ मिटून होत्या. त्यांचे उजवे मनगट भलतीकडे वळले होते. वय वर्षे एक्याऐंशी.

मी काय सांगू तुम्हाला! आमच्या गावात पाखाड्या आहेत, जांभ्याच्या पायऱ्यांच्या. पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरते. गणपती यायच्या आधी आळीतली माणसे फावडी आणि कोयते घेऊन ती खरवडून काढतात. माझ्या वडिलांनी हे काम कधी चुकवले नाही. एकदा ताप असतानाही गेले, आणि आई रागावली तेव्हा म्हणाले, "उद्या कोणी म्हातारे त्या पायरीवर पडले, तर मला ताप होता हे त्याच्या हाडाला कळेल काय?" हे मी लहानपणी ऐकले होते. मुलांना वर्गात सांगितलेही होते. आणि दारावर पाटी असताना मी झोपले होते.

दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर दिवसभर बसले. प्लास्टर घातले गेले. मी पुन्हा पुन्हा क्षमा मागत होते. त्यांनी एकदाच विचारले, "बादलीत कच नव्हती का?" मी म्हटले, "होती. काठोकाठ होती." त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. श्रोतेहो, त्या रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

पुढे कागद सुरू झाले. तिकडे बहुतेक लोक एक विमा उतरवतात. आपल्या चुकीने दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई विमा कंपनी देते. आमचाही होता. कंपनीने प्रश्न विचारले: पाळी कोणाची होती, पाऊस किती वाजता लागला, वाट शेवटची कधी झाडली. यजमानांनी खरी उत्तरे लिहिली आणि पैसे मिळाले. ही व्यवस्था चांगली आहे, तिला मी नावे ठेवणार नाही. आजींना कामवाली बाई लावता आली ती त्या पैशांतून. पण तो कागद मिटून पाकिटात घातला तेव्हा माझी सुटका झाली असे काही मला वाटले नाही. नुकसानीचा हिशेब झाला, इतकेच.

म्हणून मी ती पाटी आमच्याच दारावर ठेवून घेतली. तिसऱ्या बिऱ्हाडाने हरकत घेतली नाही; घेतील कशाला? रोज पहाटे साडेपाचला उठून खिडकीतून रस्त्याचा दिवा पाहायचा. दिव्याच्या उजेडात तिरप्या रेघा दिसल्या की बर्फ. रेघा उभ्या आणि चकाकत्या दिसल्या की पाऊस, मग धावायचे. फावडे कसे धरायचे हे मला आजींनीच खिडकीतून ओरडून शिकवले. बर्फ उचलायचा नाही, लोटायचा. पाठ वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे. आणि लोटलेला बर्फ शेजाऱ्याच्या हद्दीत ढकलायचा नाही, ही तिथली मोठी कलमबंदी! हातातले प्लास्टर काचेवर टकटक करून त्या माझी चूक दाखवीत. लाल टोपीवाला मुलगा शाळेला जाताना कचेची एक मूठ आपल्या हाताने टाकून जाई.

मार्चमध्ये एक गंमत झाली. जर्मन भाषेत आपल्यासारखेच दोन शब्द आहेत, एक 'तुम्ही' आणि एक 'तू'. ओळख कितीही जुनी असली तरी 'तुम्ही' चालू राहते, आणि ते मोडायचा मान वडीलधाऱ्याचा. प्लास्टर निघाले त्या दिवशी आजींनी मला खाली कॉफीला बोलावले. हाताची बोटे उघडून मिटून दाखवली. मग म्हणाल्या, "आजपासून तू मला 'तू' म्हण, आणि नावाने हाक मार." तिकडे हा मोठा सन्मान. पण आपल्याकडे एक्याऐंशी वर्षांच्या बाईला नावाने अरेतुरे करायचे म्हणजे जीभ रेटेल कशी? मी आपली नुसती हसत राहिले. शेवटी तोड निघाली. मी त्यांना मराठीतूनच 'आजी' म्हणू लागले, आणि मराठीत आजीला 'तू' म्हटलेले चालते हे त्यांना समजावून सांगितले. तो शब्द त्यांना इतका आवडला की दारावरच्या घंटेच्या पाटीवर त्यांनी आपल्या आडनावाखाली तो जर्मन अक्षरांत लिहून चिकटवला. टपालवाल्याला वाटले, नवी भाडेकरू आली.

२०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही परत आलो. ऐन आगोटीला घरी पोहोचलो. कौले चाळायला माणूस मिळेना, तीच धावपळ. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आजींचा फोन आला. तिकडे कडक ऊन पडले होते, त्या लाकडाच्या फोडी रचून घेत होत्या. माझ्या मागे पावसाचा आवाज त्यांना ऐकू आला असावा. खुशाली वगैरे काही नाही. पहिला प्रश्न एकच.

"तुझ्या त्या दगडी पायऱ्या खरवडून झाल्या का?"

मी म्हटले, "आजी, सकाळीच झाल्या."